घरात राहणारी माणसं

"मर्यादेत बसत नाही हो तुमचं," खिडकीतल्या कारकुनाने पेन अर्जावर टेकवलं. "तुमच्या शिवणकामाचं ठीक आहे. पण दिरांची पेन्शन धरली की उत्पन्न वर जातं. मग घरदुरुस्तीचं कर्ज नाही मिळत."

"ती त्यांच्या औषधांतच संपते, साहेब."

"ते नियमात विचारत नाहीत. घरात कोण राहतं आणि काय मिळवतं, एवढंच." मग त्याने आवाज खाली आणला. "मावशी, त्यांचं नाव गाळून नवा अर्ज भरा. पाहणीच्या दिवशी ते दुसरीकडे असले म्हणजे झालं."

कोरा अर्ज घेऊन शिवणवाली घरी आली. मागच्या खोलीचं छप्पर खचलं होतं. ओल चुकवत चुकवत तिचं मशीन आता दारापर्यंत सरकलं होतं. दीर इस्पितळात लिफ्ट चालवून निवृत्त झालेले, कानांनी बरेचसे बहिरे. तिचा नवरा गेला तेव्हा बाकी नातेवाईक आठवड्यात पांगले. हे चार दिवसांसाठी म्हणून आले, ते राहिलेच.

काय झालं ते तिने त्यांना ओरडून सांगितलं. शेजारच्या दोन घरांनाही कळलं असेल. ते नुसतेच मान हलवत राहिले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर भावोजी पिशवी भरून चपला शोधत होते.

"कुठे निघालात?" तिने जवळ जाऊन मोठ्याने विचारलं.

"गोदामवाल्या मित्राकडे. आठ दिवस. पाहणी होऊन जाऊ दे."

तो मित्र वारून दोन वर्षं झाली होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने पिशवी काढून घेतली. दोन्ही शर्ट झटकून परत खुंटीला लावले.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने नवा अर्ज पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलंत खरं. पण ते राहतात ना घरात."

मग खाली मान घालून त्याने 'अपात्र'चा शिक्का मारला. "पुढच्या वर्षी मर्यादा वाढली तर या," तो पुटपुटला.

बाहेर पायरीवर भावोजी थांबले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारायचं टाळलं.

"मी गेलो असतो गं," ते एवढंच म्हणाले.

तिने होकारार्थी मान हलवली आणि दोघं रस्त्याला लागली. मागून गाड्या भोंगे वाजवत येत होत्या. त्यांना भिंतीकडून चालायला लावून ती रस्त्याच्या बाजूला झाली.