मंगलाष्टकातलं नाव

लग्न धाकट्या बहिणीचं, मोनालीचं, आणि तेजश्रीचा राग मात्र सकाळपासून नाकाच्या शेंड्यावर. आता राग यायचं कारणही ऐका, म्हणजे तुम्हीच म्हणाल की पोरीचं काही चुकलं नाही.

शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही लॉन्सवर जा, मंगलाष्टकं तीच. फक्त नवरानवरीची नावं बदलायची. आपल्या मोनालीला असलं उष्टं नको म्हणून तेजश्रीनं स्वतः लिहायचं ठरवलं आणि मांडवगणच्या आण्णांकडे जायला लागली. आण्णा निवृत्त मराठीचे मास्तर, जिभेला हाड नाही.

"ओळीखाली ओळ लिहिली की कविता झाली, असं कोण म्हणालं तुला?" पहिल्याच दिवशी त्यांनी वही भिरकावली. "बोटं मोज आधी."

तीन महिने तिनं बोटं मोजली. भाकऱ्या थापताना, एसटीत, रानात. एका ओळीत एकोणीस अक्षरं. आखूड कुठं, लांब कुठं, सगळं ठरलेलं. बाराव्या अक्षरावर थांबून श्वास घ्यायचा, मग उरलेली सात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शब्द असा हवा, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं माणूस उभं राहिलं पाहिजे. चौथ्या कडव्यात तिनं आईला उभं केलं:

राबे ती दिनरात, शेत पिकवी, माता सरूबाइ ही

"बाई"तली ई आखूड केली म्हणून ती भीत भीत आण्णांकडे गेली. आण्णांनी दोनदा टिचक्या वाजवून ओळ म्हटली. "चालतं. तेवढी सूट असती," म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले. आण्णांनी चहा पाजला म्हणजे पदवीच मिळाली.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी चुलते मारुतराव, सोसायटीचे चेअरमन, हातात कागद घेऊन हजर. तेजश्रीचा बाप आठ वर्षांमागं गेला, तेव्हापासून घरात शब्द ह्यांचाच.

"ही अकरा नावं घाल. पदासकट."

"आप्पा, वृत्तात बसत न्हाईत ती."

"जीपमधी बसत्यात तशी बसतील. रेट जरा." मग त्यांनी तिचीच वही उघडून चौथं कडवं दाखवलं. लाल पेननं आडवी रेघ मारलेली. "आन् हे काढ. मंगल कार्य हाय. बिनकुंकवाच्या बाईचं नाव अक्षता पडताना कुणी घेतं व्हय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं ह्याच बाईनं ऊस जगवला, दोन पोरी शिकवल्या, तेव्हा कुणाला कुंकू आठवलं नाही. तेजश्रीनं आईकडं पाहिलं. सरूबाई सुपाऱ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे तेजा. माझ्या नावावाचून लग्न अडतंय का?"

चुलत्यापेक्षा आईचाच राग जास्त आला. कागदाचे चार तुकडे करून तेजश्री तयार व्हायला निघून गेली.

मुहूर्त बारा पस्तीसचा. तो पुढाऱ्यांच्या आशीर्वादाच्या भाषणांत कधीच वाहून गेला होता. सव्वा वाजता एकदाचा माईक तेजश्रीच्या हातात आला. मध्ये अंतरपाट, अलीकडं मोनाली, पलीकडं दौंडचा रविराज. मारुतराव बँडवाल्यांच्या शेजारी उभे. आई मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्यांच्या भांड्यांपाशी. तिथवर अक्षता वाटायला कोणी गेलंच नाही.

तीन कडवी झाली. चौथं सुरू झालं तसे मारुतरावांचे डोळे बारीक झाले.

"राबे ती दिनरात, शेत पिकवी..."

बारा अक्षरं झाली. तेजश्रीनं श्वास घेतला. तेवढ्यात मारुतरावांनी हात वर केला.

हात वर म्हणजे बँड वाजवा, एवढंच त्या बिचाऱ्यांना ठाऊक. ढोल, ताशा, पिपाणी एकदम उसळली. लोकांना वाटलं सावधान झालं. अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला, हार पडले. उरलेली सात अक्षरं तेजश्रीनं म्हटली, पण तिची तिलाच ऐकू आली नाहीत. लोक पंगतीकडं वळले.

तिनं माईक सोडला नाही. बँड थांबेपर्यंत दात आवळून उभी राहिली आणि थांबल्याबरोबर कडवं पहिल्यापासून उचललं. जेवायला निघालेली माणसं चमकून थांबली. मारुतरावांचा हात पुन्हा वर गेला.

तेवढ्यात मांडवाच्या टोकापासून सरूबाई चालत आली. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून, डोक्यावरचा पदर सावरत, पाहुण्यांच्या नजरा अंगावर घेत. स्टेजपाशी वाकून तिनं सतरंजीवर पडलेल्या अक्षता मुठीत गोळा केल्या. मग दिराकडं वळली. आठ वर्षांत ती त्याच्याशी मान वर करून बोलली नव्हती.

"भावजी, हात खाली घ्या," ती म्हणाली. "पोरगी माझं नाव घेतीया."