चार चाकांची खडखड

गाड्यांच्या शर्यतीच्या त्या खेळाला सतरा वर्षं झाली होती. त्याचं इंजिन, म्हणजे गाडी कशी धावेल, वळेल, घसरेल, आवाज करेल हे ठरवणारा प्रोग्रॅम, आता नव्या कॉम्प्युटरांवर धापा टाकत होतं. ते लिहिलं होतं चाकवालीने. ऑफिसात तिला याच नावाने हाक मारत, कारण टायरांपलीकडे बाईंना काही सुचतच नसे. नवं इंजिन तयार होतं. तिने सही केली की जुनं कायमचं बंद होणार होतं.

सही अडली होती ती तिच्या वडिलांपायी. बाबांनी जन्मभर बस चालवली, मग त्यांची दृष्टी गेली. तरी रोज दुपारी ते खेळाचं स्टिअरिंग धरून बसत आणि कुठेही न आपटता अख्खी फेरी पुरी करत. इंजिन लिहिताना चाकवालीने एक घोडचूक केली होती: चारही चाकांचे आवाज एकमेकांत मिसळायचेच राहून गेले होते. लोक त्या खडखडीला वैतागले. बाबा मात्र त्या आवाजांवरूनच रस्ता ओळखत.

रविवारी तिने त्यांना नवं इंजिन लावून दिलं. आवाज कसा लोण्यासारखा. दुसऱ्याच वळणावर गाडी भिंतीवर गेली.

"रस्ता बोलतच नाही गं," म्हणत बाबांनी स्टिअरिंगवरून हात काढून घेतले.

"तुम्ही नक्की काय ऐकता, बाबा?"

"सांगून नाही कळायचं. जुनं लाव आणि डोळे मिट."

तिने तीनदा गाडी ठोकली. "लिहिलंस तू, आणि तुलाच ऐकू येत नाही होय?" बाबा खुदकन हसले.

खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत राहिलं. हळूहळू खुर्ची विरली, भिंती विरल्या, उरला नुसता रस्ता. डावं पुढचं चाक कुजबुजलं, म्हणजे कड आली. मागची दोन्ही गुणगुणू लागली, म्हणजे उतार. तिला वाटलं, आपण लहान आहोत, बाबांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर पेंगतोय, आणि कुठे जायचंय ते बाबांना ठाऊक आहे. त्यांचा हात तिच्या हातावर आला.

"आता वळ," ते म्हणाले. ती वळली. गाडी रस्त्यावरच राहिली.

सोमवारी साहेबांनी कागद पुढे केला. तिने आधी खाली एक ओळ लिहिली, नव्या इंजिनातही चारही चाकं वेगवेगळी ऐकू यावीत, आणि मगच सही केली.

साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, ती तर तुमची चूक होती ना?"

"होती," चाकवाली म्हणाली. "पण त्या चुकीवर माझे बाबा गाडी चालवतात."