सोबिरा खालाचा सलाम राहिला

मी एक जुना कीबोर्ड आहे, लग्नात वाजणारा. मर्गिलान शहरातल्या एका गॅरेजात कांद्याच्या पोत्यांवर आडवा पडलो आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कशी हेळसांड झाली ते सांगतात. माझी तशी तक्रार नाही. मला इथे टाकायला उशीरच झाला.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लग्नात वाजवणाऱ्या एर्गाशने मला ताश्कंदच्या बाजारातून आणलं, तेव्हा गल्लीतली मुलं माझी बटणं दाबायला रांग लावत. माझ्यात शंभर ठेके होते. एर्गाशला आवडला तो फक्त चौतिसावा. धम्-चक, धम्-चक! ज्याला नाचता येत नाही तोही त्यावर नाचायचा.

सुरुवातीला आमच्या सोबत ओयिमखोन गायची. डफ वाजवणारी, साठीची, जिभेने तिखट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी बुरख्याआडून सासरच्या एकेकाला वाकून सलाम करते, तेव्हाची गाणी तिची. आधी ती स्वयंपाकघरात बसून सगळं विचारून घ्यायची. मग तिथल्या तिथे कडवी रचायची. पाव आणायला जाऊन दोन तासांनी परतणाऱ्या काकाला सलाम, घोरून भिंत हलवणाऱ्या आत्याला सलाम! ज्याचं नाव येई तो हसत उठून नवरीला भेट देई.

पुढे ओयिमखोनचे गुडघे आखडले, तिला लग्नांना येणं जमेना. एर्गाश तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा; तो तिच्या घरी गेला. "खाला, एकदाच गा, मी भरून ठेवतो."

"कोणाच्या लग्नाचं?"

"कुणाच्याही चालेल असं."

"कुणाच्याही लग्नाचं कसं गाऊ रे मेल्या? समोर तोंडं नकोत का?"

पण त्याने गोड बोलून गाऊन घेतलं. सासऱ्याला सलाम, सासूला सलाम, थोरल्या दिराला सलाम. नाव एकाचंही नाही. ते माझ्या पोटात गेलं, खाली चौतिसावा ठेका लागला, आणि ओयिमखोनला पुन्हा कोणी बोलावलं नाही. तिच्याच आवाजाने मी तिला घरी बसवलं.

मग जसूरचं लग्न आलं. त्याचे आईबाप तो तीन वर्षांचा असताना गेले. सोबिरा मावशीने, त्याच्या सोबिरा खालाने, स्वतः लग्न न करता त्याला वाढवलं. त्या सकाळी ती पुढेच बसली होती. मांडीवर रेशमी कापड, नवरीसाठी स्वतः विणलेलं.

एर्गाशने बटण दाबलं. सासऱ्याला सलाम. अंगणात सासरा नव्हता. नवरी गोंधळली आणि भिंतीकडे वाकली. सासूला सलाम. खालाने कापड उचललं, अर्धवट उठली, मग थांबली. हा मान आपल्या मेलेल्या बहिणीचा, असं तिला वाटलं असावं. ती परत बसली. थोरल्या दिराला सलाम, तोही नव्हता. गाणं संपलं.

जसूर धावत आला. "एर्गाश-अका, अहो दादा, माझ्या खालाचं नाव कुठंय?"

"अरे, ते मशीनमध्ये नाहीये ना!"

"मग तुम्ही म्हणा की!"

"मी? मला कुठे गाता येतं बाबा!"

"राहू दे रे," खाला म्हणाली. "पोरी नाचायला उभ्या आहेत. लाव बाबा, लाव."

आणि मी वाजलो. धम्-चक, धम्-चक. सगळे नाचले. खालाने कापडाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. त्याच थंडीत ती वारली.

आता गॅरेजबाहेरून गाड्या जातात, त्यांतली गाणी ऐकू येतात. गाणारा बदलतो, गाणं तेच. चार सूर, एक ठेका, आणि शब्द असे की कोणालाही उद्देशून चालतील. मी चिडतो. कसली ही गाणी, म्हणून मनातल्या मनात ओरडतो. मग ठेका ओळखीचा वाटतो आणि मी गप्प होतो. हे सगळं माझ्यापासून सुरू झालं असं नाही, पण मर्गिलानमध्ये मीच केलं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, असं मी म्हणणार नाही. एखाद्या लग्नात माझ्यासारखा कोणी वाजत असला आणि कोपऱ्यात कोणी आपल्या नावाची वाट पाहत बसलेलं दिसलं, तर लाजू नका, सरळ वायर उपटा. त्या सकाळी एकाने जरी उपटली असती, तर अंगण क्षणभर गप्प झालं असतं. आणि मग कोणीतरी, बेसूर का होईना, सोबिरा खालाचं नाव गायलं असतं.