ओ देऊ नये

अहमदपुरात मुनीबसारखा आवाजाचा जाणकार न्हाई, असं अर्धं गाव म्हणायचं. उरलेल्या अर्ध्याला तो स्वतः सांगायचा. मोंढ्याच्या धान्यबाजारामागं माडीवर त्याचा रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ. एक दिवस चाकूरकडचा दयानंद आला. त्याची आई गंगम्मा दोन महिन्यांपूर्वी वारली होती. त्याआधी गावातल्या बायांबरोबर तिनं इथंच भजनं म्हटली होती.

"मुनीबभाई, आमचे आप्पा बोलायचेच बंद झालेत. सोमवारी मठात ते भजन लावू. तिचा आवाज ऐकला तर जरा माणसात येतील."

"बिनघोर जावा तुम्ही."

मुनीबनं सगळ्या बायांचे आवाज एका ग्रुपमध्ये बांधले, त्याची नक्कल काढली, आणि आवाज उजळावा म्हणून इक्वलायझर फिरवला तो नुसत्या नकलेवर. अतिशहाणपणा, दुसरं काय! इक्वलायझर लावला की आवाजाच्या लाटा किंचित सरकतात. मग एक लाट वर उठते तेव्हा दुसरी खाली बसते, आणि दोघी एकमेकींना गिळतात. मूळ डाव्या कानात, नक्कल उजव्या कानात, तोवर सगळं गोड होतं. दोन्ही बाजू एकत्र केल्या, तर भजन पातळ होत होत गुडुप झालं.

आता शांतता पाहिजे होती. पण तिथं गंगम्मा होती. गात नव्हती, हाक मारत होती.

"श्रीशैल..."

 मुनीबनं एकेका बाईचं मूळ रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं. हाक कुठंच नव्हती.

त्यानं दयानंदला फोन लावून ती हाक सांगितली. 

"श्रीशैल म्हंजे आमचे आप्पा. पण आईनं त्यांचं नाव जन्मात घेतलं न्हाई. उखाणा घे म्हटलं तरी पदर तोंडाला लावून हसायची. मुनीबभाई, गेलेल्या माणसानं नावानं हाक मारली तर ओ देऊ नये. ओ दिली की घेऊन जातं म्हणतात. आप्पांच्या कानावर ते पडू देऊ नका, पाया पडतो."

"आमची अम्मीबी हेच सांगते," मुनीब म्हणाला. त्यानं नक्कल पुसून टाकली. आता दोन्ही बाजू एकत्र केल्या तरी भजन शाबूत होतं, हाक गेली होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून सोमवारी तो स्वतःच गावात गेला.

दिवेलागणीला मठात माणसं जमली. दोन बाजूंना दोन भोंगे, बरोबर मधोमध मानाची खुर्ची, तिच्यावर श्रीशैलआप्पा. भजन सुरू झालं. गंगम्माचा आवाज असा खणखणीत उठला की बायांनी डोळ्यांना पदर लावले. आप्पा मात्र ढिम्म. काही वाजतच नसल्यासारखे बसले होते.

मुनीब त्यांच्याकडं निघाला. खुर्चीपाशी पोचला अन् भजन विरलं. जरा मागं सरला, भजन परत आलं.  धावत जाऊन बघतो तर काय, मंडपवाल्यानं एका भोंग्याच्या तारा उलट्या जोडलेल्या! दोन भोंग्यांच्या लाटा नेमक्या त्या खुर्चीवर एकमेकींना गिळत होत्या, स्टुडिओत हाक निघाली तेव्हासारख्याच.

"दयानंदभाऊ, मशीन बंद करा!"

दयानंदनं वायर उपटली. मठ चिडीचूप झाला. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

आप्पांची मान मात्र एका बाजूला वळली होती. दोन महिने न हसलेला म्हातारा लाजून हसला.

"घेतलंस गं बाई एकदाचं नाव!"

"आप्पा, ओ देऊ नका!" दयानंद गर्दीतून वाट काढत ओरडला.

"ओ," आप्पा म्हणाले. "आलो गं."

दयानंद पोचला तेव्हा त्यांची मान छातीवर टेकली होती, आणि हसू तसंच होतं.