नवरीचं जुनं कवच

आवराआवरीचं मला भलतंच वेड. वाशीगावातलं घर सोडून कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये यायचं ठरलं, तेव्हा आईची म्हावऱ्याची, मासळी विकायची पाटी, विळी, बाबांच्या जाळ्याचा तुकडा, सगळं मी शेजारच्या मालतीबाईंना देऊन टाकलं. नव्या घरात वास नको, एवढाच विचार. आईला विचारलंसुद्धा नाही.

चार दिवस आई हॉलच्या कोपऱ्यात बसून होती. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि सरकवायची. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. पाचव्या दिवशी मला नवरी आठवली.

नवरी म्हणजे एक चिंबोरी, खेकडी. मी सात वर्षांची असताना बाबांच्या जाळ्यात आली होती. शेवाळ, स्पंजचे जिवंत तुकडे पाठीवर अडकवून नटलेली, म्हणून ते नाव. बाबांनी ती आम्हा भावंडांसाठी घमेल्यात, खाऱ्या पाण्यात ठेवली. तिच्यापायी आम्ही शाळेला दांड्या मारल्या. किती सुखाचे दिवस होते ते! एका सकाळी तिनं कवच टाकलं आणि जुन्या कवचावरचा एकेक तुकडा नांगीनं सोडवून नव्या पाठीवर लावू लागली. मला ती घाण वाटली. ते कवच उचलून मी गटारात फेकलं.

नवरी दिवसभर अंग चोरून बसली. समोरच्या कोळंबीला शिवलीसुद्धा नाही. मी धाकट्या सदूचं नाव सांगून मोकळी झाले, मार त्यानं खाल्ला. आईनं जाळ्याचे धागे कातरून पाण्यात टाकले. संध्याकाळपर्यंत नवरीनं ते पाठीवर चढवले आणि मग कोळंबी खाल्ली.

मी तशीच उठून वाशीगाव गाठलं. विळी मालतीबाईंनी पुढं कुणाला तरी दिली होती. पाटी मिळाली. जाळ्याचा तुकडा त्यांनी कुंडीतल्या मिरच्यांवर घातला होता, तोही मी लाज सोडून मागून घेतला.

आईनं पाटी मांडीवर घेतली. काठावरून बराच वेळ हात फिरवला, जाळं घडी घालून आत ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवाबी तूच टाकलं व्हतंस. सदूनं नाय."

पन्नास वर्षांत तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"भात वाढ आता," आई म्हणाली.