शाईतली ओळ

मास्तरांचे संसार दोन. एक बायकोबरोबर, दुसरा दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका लॅटिन कवीबरोबर. या कवीने फळबागेवर लांबलचक कविता लिहिली होती. तिची एकुलती एक हस्तलिखित प्रत परगावच्या ग्रंथालयात होती, आणि तीही कसरीने जागोजाग चाखलेली. तरुणपणी मास्तर तिथे एक अख्खा उन्हाळा बसले, एकेक ओळ एकेका कार्डावर उतरवली आणि बुटांच्या खोक्यांत भरून घरी आणली. पुढे एकतीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवलं, घरी येऊन त्या ओळींवर टिपा लिहिल्या. त्या खोक्यांना कोणी हात लावायचा नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "माझी सवत बुटाच्या खोक्यात राहते."

अखेर पुस्तक छापायला गेलं. उद्या सकाळी मशीन सुरू होणार, म्हणून दुपारी शेवटची तपासणी चालली होती. बायकोने एकेक कार्ड पुढे करायचं, मास्तरांनी ते छापील ओळीशी ताडून पाहायचं.

"अहो, हे एकच कार्ड शाईचं कसं?"

"शाईचं असूच शकत नाही. त्या ग्रंथालयात दारातच पेन काढून घेतात. आत फक्त शिसपेन्सिल."

"मग हे काय, काजळ आहे?"

मास्तरांनी कार्ड घेतलं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. ओळ दोनशे चौदावी. कॉलेजात त्यांचे गुरुजी रोज एक ओळ या कवीच्या थाटात रचून आणायला लावत. त्यातलीच ही! स्वतःची ओळ खोक्यात जाऊन पडली होती आणि कसरीने खाल्लेल्या जागी चपखल बसली होती. वर मास्तरांनी तिच्यावर दोन पानं लिहिली होती, की अशी ओळ दुसऱ्या कोणाच्या बापाला सुचायची नाही. घरात ज्याला सगळे 'खवचट' म्हणत, त्या विद्वानाने पत्रांतून मास्तरांचं प्रत्येक वाक्य खोडून काढलं होतं. पण या ओळीबद्दल त्यानेही कळवलं होतं, 'इथे आपलं एकमत.'

"सांगितलं तर खवचट मरेपर्यंत हसेल," मास्तर म्हणाले. "गप्प बसलो तर माझं लिखाण कवीच्या नावावर कायमचं."

"कोणाला कळणार आहे?" बायकोने जरा चाचपून पाहिलं.

"कवीला."

"अहो, तो मेलाय!"

"म्हणून तर. त्याला तक्रारही करता येत नाही."

बायकोने छापखान्यात जायला त्यांच्या चपला दाराशी मांडून ठेवल्या.

छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला. "मास्तर, एक ओळ काढली की पुढचे सगळे क्रमांक सरकणार. साडेआठशे टिपा! त्यापेक्षा मला संन्यास घ्यायला सांगा."

"क्रमांक तसाच राहू द्या. जागा कोरी सोडा. खाली छापा, इथली ओळ संपादकाची होती, चुकून घुसली, बाहेर काढली."

"आणि तिच्या कौतुकाची दोन पानं?"

"तीही काढा. आता ती आत्मस्तुती झाली."

छापखानेवाला एवढा हसला की त्याचा राग तिथेच विरला. त्या दोन पानांवर त्याने फळबागेची चित्रं टाकली.

महिन्याभराने खवचटाचं पत्र आलं. 'पुस्तक बरं आहे. उणीव एकच. त्यातली सर्वांत चांगली ओळ तुम्ही गाळलीत.' मास्तरांनी ते तीनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं.

"पण त्या ओळीत होतं तरी काय?" एकतीस वर्षांत तिने कोणत्याच ओळीबद्दल कधी विचारलं नव्हतं.

मास्तर चष्मा पुसू लागले. "नाशपातीच्या झाडाखाली एक मुलगी उभी आहे. फळ सावकाश पिकतंय, आणि तिलाही घाई नाही."

"कोण मुलगी?"

"ती ओळ रचली त्या वर्षी तुम्ही लोक आमच्या समोरच्या घरात राहायला आला होतात."

बायको खोक्याकडे वळली. "आणि इतकी वर्षं ते त्या मेलेल्याच्या नावावर खपवलंत होय!"

तिने खोक्यातून ते कार्ड उचललं आणि आपल्या शिवणाच्या डब्यात टाकलं. मास्तर काही बोलायच्या आत झाकणही लावलं.