पारड्यात आलेला दुसरा भाग

मी एक जुनी तागडी आहे, मित्रांनो. गंजलेली मात्र म्हणू नका, मला राग येतो. लोहाराने लोखंडाची दांडी ठोकून मला घडवलं, साखळ्यांना दोन पारडी टांगली आणि मनकर्णाबाईंच्या हाती दिलं. आंजीच्या आठवडी बाजारात वीस वर्षं मी वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर तोलत आले. "मनकर्णाबाईची तागडी खोटं बोलत नाई," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

मग बॅटरीवर चालणारा काटा आला. मला गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. पारड्यात कोंबडी बसू लागली. सांगणार कुणाला?

मला खाली काढलं ते मनकर्णाबाईंच्या मुलीने, खुशीने. अकरावीतली ही मुलगी पुस्तकांवर जीव टाकते. गावात पुस्तकांचं दुकान नाही, आणि वाचनालयाने पुस्तकं घरी देणं बंद केलं होतं. नेलेली पुस्तकं परतच येईनात, तर ग्रंथपाल महादेवराव तरी काय करणार? तिथेच बसून खुशीने एका कादंबरीचा पहिला भाग वाचून काढला. दुसरा भाग कुणीतरी नेला तो नेलाच. वर्षभर ती त्याच्यासाठी तळमळत होती.

शेवटी तिने आईच्या भाजीशेजारी पोतं अंथरलं. वाचून झालेलं पुस्तक आणा, तेवढ्याच वजनाचं दुसरं न्या. भाजीवाल्यांची पोर, तिला तोलण्यावाचून दुसरं काय सुचणार? लोक जाडजूड गाईडं देऊन गोष्टींची पुस्तकं नेऊ लागले.

"खुशे, पुस्तक काय वांगं हाये का वजनावर द्याले?" मनकर्णाबाई हसल्या. मला ते लागलं. पण लोकांना मजा वाटत होती, म्हणून तोलणं चालू राहिलं.

एका बाजाराच्या दिवशी टेम्पोवाला अंकित आला. जाम गावच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं पुस्तक त्याने माझ्या पारड्यात ठेवलं. तोच दुसरा भाग! खुशीने झटकन आपलं एक पुस्तक समोरच्या पारड्यात ठेवलं. माझी दांडी अगदी सरळ राहिली. मग तिने पहिलं पान उघडलं. त्यावर आमच्याच वाचनालयाचा जांभळा शिक्का होता.

"मले काय मालूम? रद्दीत होतं," अंकित ओशाळला.

"आई, मी वाचून मंग वापस देतो. कोणाले समजते?" खुशी म्हणाली.

मनकर्णाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "तुले तं समजते ना," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. माझ्या तोलात खोट नव्हती, पण ते पुस्तक तोलायचं नव्हतंच.

अंकितचं नुकसान नको म्हणून खुशीने आपलं पुस्तक त्याला देऊन टाकलं. संध्याकाळी डोळे पुसत ती वाचनालयात गेली. मी तिच्या थैलीतच होते. महादेवरावांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि ते पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"घरी नेजो, वाचून आणजो. अन् बाकीच्यायले सांगजो, उद्यापासून घरी पुस्तकं भेटतीन."

पोरांनो, जुनी पुस्तकं जरूर घ्या, अदलाबदल करा. फक्त आधी पहिलं पान उघडून बघा. तुमच्या फळीवर असं शिक्क्याचं एखादं पुस्तक असेल, तर उद्याच नेऊन द्या. उशीर झाला म्हणून लाजू नका. कुणीतरी अजून त्याची वाट पाहत आहे.